रविवार, गुरुवार आणि लाइव्ह : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या चर्चची वेळ

तुमच्यापैकी जे भीमाशंकरला गेले असतील त्यांनी देवळासमोरची ती मोठी घंटा पाहिली असेल. ती आपल्याकडच्या घडणीची नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. भीमाशंकरची घंटा त्यातलीच मानली जाते, वाईजवळ मेणवलीला आहे ती दुसरी. भीमाशंकर खेड तालुक्यात, आणि आज आपण ज्या चाकणबद्दल बोलणार आहोत तेही खेड तालुक्यातच. म्हणजे या तालुक्यात चर्चचं पहिलं प्रसारणाचं साधन आलं ते लढाईतली लूट म्हणून! हे आम्ही थोडं गमतीनं म्हणतो आहोत.

पण घंटेचं काम नीट बघा. घंटा वाजते त्या वेळी जो ऐकण्याच्या टप्प्यात असतो त्यालाच ती कळते. ती साठवता येत नाही, नंतर ऐकता येत नाही. ‘आत्ता या’ एवढंच ती सांगते. आज ज्याला आपण ‘लाइव्ह’ म्हणतो त्याचा मूळ अर्थ तोच आहे. कॅमेरा, फोन, इंटरनेट ही सगळी नंतरची भर. मुळात लाइव्ह म्हणजे अनेकांनी एकाच घटकेला एका गोष्टीपाशी असणं. आमच्या आजच्या बोलण्याचा धागा हाच आहे. २०२० साली चर्चनं स्ट्रीमिंग सुरू केलं तेव्हा चर्चा झाली ती अंतराची : माणसं लांब आहेत, त्यांना जवळ कसं आणायचं. पण कारखान्यांच्या या पट्ट्यात चर्चची अडचण त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे, आणि ती अंतराची नाहीच. ती वेळेची आहे.

आधी हा पट्टा कसा बसला ते थोडक्यात. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, त्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. मग कारखानदारी नाशिक रस्त्यानं भोसरी, मोशी ओलांडून चाकणकडे सरकली. १९९९ ला बजाजचा चाकणचा कारखाना, २००९ ला फोक्सवॅगन, त्याच सुमाराला मर्सिडीज आणि महिंद्रा. ज्या चाकणला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेपुढे किल्ला लढवला, तिथे आज शिफ्ट सुटली की बसगाड्यांचीच फौज दिसते.

या कारखान्यांबरोबर ख्रिस्ती माणसंही आली, आणि ती एका ठिकाणाहून आली नाहीत. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. त्या जिल्ह्यातली आणि पुढे औरंगाबाद-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबं नोकरीसाठी इकडे सरकली. १९७२ च्या दुष्काळानं तर सगळ्याच जातिधर्मांची माणसं या बाजूला ढकलली. केरळातून टर्नर-फिटर आले, नर्स आल्या. तमिळ आले, गोव्याचे आले, अलीकडे झारखंड-ओडिशाकडचे कंत्राटी कामगार आले. एकाच चर्चच्या इमारतीत सकाळी मराठी, मग इंग्रजी, दुपारी मल्याळम किंवा हिंदी अशा भक्ती लागतात हे या पट्ट्यातलं नेहमीचं चित्र. पलीकडच्या खडकीला २०१५ मध्ये सिरो-मलंकारा कॅथलिकांचं स्वतंत्र धर्मप्रांत-पीठ झालं, त्यावरून मल्याळी वस्तीचा अंदाज यावा. १८८६ चा पुण्याचा रोमन कॅथलिक धर्मप्रांत, १९७० ला नागपूरला स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मार थोमा, मेथडिस्ट, आणि शेडमध्ये, हॉलमध्ये, घराच्या गच्चीवर भरणाऱ्या कितीतरी स्वतंत्र मंडळ्या. सगळ्यांची नावं आज घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्यांचा आठवडा रविवारी वळतो. आणि कारखान्याचा?

रविवारच्या सुट्टीचा इतिहास आपण विसरतो म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी चळवळ केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांचा युक्तिवाद फार सुंदर होता. रविवार हा साहेबाचा वार म्हणून त्यांनी मागितला नाही. रविवार हा खंडोबाचा वार, कामगारांच्या कुलदैवताचा वार, म्हणून मागितला. म्हणजे मराठी कामगाराचा रविवार जेजुरीकडूनही येतो आणि चर्चकडूनही.

पुढे स्वतंत्र भारतात १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या ५२ व्या कलमानं रविवार हाच साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला, पण एक वाट ठेवली : रविवारी काम करून घ्यायचं असेल तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण सुट्टी द्या. आता बोटं मोजा. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. रविवारच्या आधीचा तिसरा दिवस गुरुवार. पिंपरी-चिंचवड-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, आणि इथल्या जुन्या माणसांना त्याचं कारण विचारलं तर ते वायरीकडे बोट दाखवतात. वीज सगळ्यांना सगळे दिवस पुरेना, म्हणून भागाभागानं सुट्ट्या वाटल्या गेल्या, दुरुस्तीसाठी लाइनही त्याच दिवशी बंद राहायची. बाहेरगावच्या पाहुण्याला हे कळतच नाही. तो रविवारी येतो तर यजमान फर्स्ट शिफ्टला गेलेला.

म्हणून या भागातल्या पाळकांना आणि फादरांना जुनाच हिशेब करावा लागतो. पहिली पाळी सकाळी सहा-सातची, दुसरी दुपारची, तिसरी रात्रीची. नऊ वाजताच्या भक्तीला पहिल्या पाळीवाला येऊ शकत नाही. रात्रपाळीवाला येतो, पण उपदेशाला मान डुलते. दुसऱ्या पाळीवाल्याला प्रभुभोजन संपायच्या आत बस गाठायची असते. त्यात पाळ्या दर आठवड्याला फिरतात. ज्याला आपण ‘अनियमित सभासद’ म्हणून नोंदवतो तो पुष्कळदा अगदी नियमित असतो, शिफ्टच्या तक्त्याप्रमाणे! आम्ही काही मंडळ्यांत बसून जुन्या लोकांचं ऐकलं, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली : खरी भरलेली सभा म्हणजे गुरुवारची घरगुती प्रार्थना. कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजी, एक पेटी, एक डफ किंवा तबला, शेवटी चहा-पोहे. पुस्तकी भाषेत याला कोणी चर्चचा इतिहास म्हणणार नाही. पण या पट्ट्यात तोच मुख्य आहे असं आमचं मत आहे. वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी, चर्चचा दिवस आणि कारखान्याची सुट्टी आपसूक जुळतात. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेला सगळ्याच कंपन्या सुट्टी देत नाहीत, तो भाग वेगळा.

आता जरा जग फिरून येऊ. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधली उपासना केडीकेए या केंद्रानं रेडिओवरून प्रसारित केली. चर्चमधून झालेलं ते पहिलं रेडिओ प्रसारण. यंत्रं सांभाळायला जे दोन तंत्रज्ञ होते त्यांना गायकवृंदाचे झगे घालायला लावलं, लोकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. त्यातला एक कॅथलिक, दुसरा यहुदी, चर्च एपिस्कोपल! दोन वर्षांनी लंडनमध्ये राजपुत्राचं लग्न वेस्टमिन्स्टर ॲबीत लागणार होतं, ते रेडिओवर द्यायला तिथल्या धर्मगुरूंनी नकार दिला. भीती ही, की लोक दारूच्या गुत्त्यात, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता ऐकतील. २०२० मध्ये आपल्याकडे ‘अंथरुणात पडून, चहा पीत भक्ती बघतात’ म्हणून तक्रारी झाल्या, तेव्हा आम्हांला ही टोपी आठवत होती. तक्रार शंभर वर्षं जुनी आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाला साधनांची नवलाई नव्हती. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ ला छापून निघालं, तेही रोमन लिपीत, आणि ते गायलं-ऐकलं जायचं. ‘ज्ञानोदय’ १८४२ ला अहमदनगरला सुरू झालं. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची वाट रुंद केली, ‘उपासना संगीत’ हे पुस्तक अजून मराठी भक्तीत हातात असतं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ ला सुरू झालं, मग कॅसेट आल्या, सीडी आल्या. यातलं प्रत्येक साधन एकतर साठवणारं किंवा पोचवणारं होतं. ऐकणाऱ्याला उलट बोलता येईल असं कोणतंच नव्हतं. कीर्तन तेवढं होतं, पण त्याला समोर बसावं लागतं.

फोनवरून थेट दाखवणं सर्वांच्या हाती आलं ते २०१६ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये फेसबुक लाइव्ह सगळ्यांना खुलं झालं आणि सप्टेंबरमध्ये जिओनं डेटाचे भाव पाडले. इथल्या मंडळ्यांनी त्याचा उपयोग केला तो नाताळच्या कार्यक्रमाला, एखाद्या लग्नाला, दुबईतल्या मुलाला आजीचं दफन दाखवायला. रविवारची उपासना कॅमेऱ्यासमोर न्यावी असं फारसं कोणाच्या मनात नव्हतं. गरज काय होती?

मग मार्च २०२०. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्ये पहिले रुग्ण सापडले. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. आणि कॅलेंडर बघा : ५ एप्रिल झावळ्यांचा रविवार, १० एप्रिल गुड फ्रायडे, १२ एप्रिल ईस्टर. ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा, आणि तयारीला हातात दहा-बारा दिवस. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात ओल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहिले, ते दृश्य जगानं पाहिलं. त्याच सुमाराला व्हॅटिकननं पवित्र सप्ताहाबद्दल आदेश काढला, त्यात एक शब्द आमच्या कामाचा आहे. विधी लोकांविना करावेत, वेळ लोकांना कळवावी म्हणजे ते घरून प्रार्थनेत सामील होतील, आणि त्यासाठी थेट प्रसारण उपयोगी पडेल; रेकॉर्ड केलेलं नव्हे. म्हणजे रोमनंही घंटेचाच नियम लावला : घर वेगळं असू दे, घटका एकच हवी.

आता चिंचवडच्या एखाद्या लहान मंडळीच्या पाळकसाहेबांच्या जागी स्वतःला ठेवा. हातात एक फोन. यूट्यूबवर फोनवरून लाइव्ह जायचं तर तेव्हा चॅनेलला हजार सबस्क्रायबर लागायचे. मंडळी सगळी मिळून दीडशे माणसांची, पोरंबाळं धरून! संगणकावरून जाता यायचं, पण पहिल्यांदा परवानगी मिळायला चोवीस तास थांबावं लागे, आणि टाळेबंदीत वेबकॅम कुठून आणणार? म्हणून बहुतेक लहान मंडळ्या फेसबुकवर गेल्या, कारण तिथे अट नव्हती. मोठ्या चर्चनी यूट्यूब धरलं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याची किंमत सांगायची आहे.

ज्यांना एकमेकांचे चेहरे बघायचे होते ते झूमवर गेले. फुकटात चाळीस मिनिटं. त्यामुळे कित्येक ठिकाणी उपदेशाला कधी नव्हे ती शिस्त लागली, हे सभासद हसत सांगतात. १६ एप्रिलला केंद्राच्या गृह मंत्रालयानं झूम सुरक्षित नाही अशी सूचना काढली, की लगेच ग्रुपवर ‘पाळकसाहेब, आपली मीटिंग बंद का?’ असे निरोप सुरू. महिनाअखेरीला व्हॉट्सॲपनं गटाच्या व्हिडिओ कॉलमध्ये चारऐवजी आठ जण घेतले. दोन खोल्यांतली ती गुरुवारची प्रार्थना बहुधा याच आठ चौकटींत जाऊन बसली. माणसं तेवढीच, पोहे नाहीत.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली गाण्याची. इथे थोडं थांबू, कारण याच्यावर कोणी बोलत नाही. मराठी भक्ती गाण्यावर उभी आहे. पेटीवाला सूर देतो, तबला धरतो, आणि सगळे एका श्वासात उचलतात. दोन आवाजांत काही शतांश सेकंदांचं अंतर पडलं तरी कानाला खटकतं, आणि इंटरनेटवरून आवाज जायला-यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे दहा घरांतून एकत्र गाणं म्हणजे दहा जणांची दहा गाणी. त्यात झूमची रचना बोलण्यासाठी. सतत एकसारखा चालणारा आवाज तो पंख्याचा किंवा मिक्सरचा समजून दाबून टाकतो. पेटीचा भाता मारून धरलेला सूर त्याला पंखाच वाटतो! सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की सुटतं, पण हे कळेपर्यंत ईस्टर होऊन गेला. शेवटी एकच तोडगा सगळीकडे निघाला : सगळ्यांनी म्यूट करा, एकच घर गाईल, बाकीच्यांनी आपापल्या घरी सूर मिसळायचा. म्हणजे प्रत्येक घराला वाटायचं आपण सगळ्यांबरोबर गातोय, आणि प्रत्यक्षात सगळे एकेकटे गात होते. यूट्यूब-फेसबुकवर तर चित्रच दहा-वीस सेकंद मागे असतं. शेजारच्या दोन घरांत एकच मिस्सा चालू असेल तर एका घरातलं ‘आमेन’ आधी आणि दुसऱ्यातलं नंतर ऐकू यायचं. एक घटका, पण थोडी फाटलेली.

मग संस्कारांचा प्रश्न. कॅथलिकांचं धोरण २००२ मध्येच स्पष्ट झालेलं होतं : इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. पापनिवेदन फोनवर नाही, ख्रिस्तशरीर पडद्यातून नाही. म्हणून लाइव्ह मिस्सामध्ये ‘आध्यात्मिक कम्युनिअन’ची प्रार्थना म्हटली जाई, तीही अठराव्या शतकातल्या संत आल्फोन्सस लिगोरींची. प्रोटेस्टंटांमध्ये एकमत नव्हतं. काही मंडळ्यांनी सांगितलं, घरी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस ठेवा, पाळक म्हणतील तेव्हा घ्या. काहींनी ठरवलं, एकत्र जमू तेव्हाच प्रभुभोजन, तोवर उपास समजा. दोन्ही बाजूंना बायबलची वचनं सापडली. आम्हांला यात न्याय द्यायचा नाही. पण इतिहासाच्या अंगानं एवढं दिसतं, की वाद तत्त्वाचा असला तरी तो मिटला तो बहुधा घरच्या परिस्थितीवर. जिथे वयस्कर आई-वडील शेवटच्या आजारात होते, तिथे कोणी वाट पाहायला तयार नव्हतं.

दफनाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागेल. अंत्यविधीला जास्तीत जास्त वीस माणसं असा नियम होता, आणि मयत कोविडचा असेल तर त्याहून कमी. अहिल्यानगरच्या गावातून बहीण येऊ शकत नाही, चाकणहून भाऊ येऊ शकत नाही. अशा वेळी दफनभूमीत कोणीतरी फोन धरून उभं राहायचं. आम्ही ऐकलेल्यांपैकी एका तरुणानं सांगितलं की सबंध विधीत त्याला काही जाणवलंच नाही, कारण तो फोन हलू नये याकडे बघत होता. रडू आलं ते घरी येऊन, चार्जर लावताना.

हे सगळं सुरू असताना शेजारी देहू-आळंदीत काय चाललं होतं तेही आठवा. १२ जून २०२० ला तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान मोजक्या माणसांत झालं, बाकी वारकऱ्यांनी ते पडद्यावर पाहिलं, आणि ३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पिंपरी-चिंचवडला पालखीच्या वाटेवर राहणाऱ्या किती ख्रिस्ती घरांनीही ते पाहिलं असेल! तेव्हाचे पुण्याचे बिशप थॉमस डाबरे हे तर तुकारामांचे अभ्यासक, त्यावर त्यांचा ग्रंथ आहे. चालण्याची परंपरा आणि जमण्याची परंपरा, दोघींवर एकच वेळ आली होती.

आता येते या पट्ट्याची खास गोष्ट. कारखाने मे २०२० मध्ये टप्प्याटप्प्यानं सुरू झाले. केंद्रानं ८ जूनपासून प्रार्थनास्थळांना परवानगी दिली, पण महाराष्ट्रानं दिली नाही. राज्यात देवळं, मशिदी, चर्च उघडली ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. म्हणजे जवळजवळ सहा महिने असे होते की माणूस शंभर जणांबरोबर असेंब्ली लाइनवर उभा राहू शकत होता, कंपनीच्या बसमध्ये बसू शकत होता, पण दहा जणांबरोबर चर्चमध्ये गुडघे टेकू शकत नव्हता. एप्रिल २०२१ ला पुन्हा तेच, ते थेट ७ ऑक्टोबरपर्यंत. संसर्गाच्या दृष्टीनं त्यामागे कारणं होती, आम्ही ती नाकारत नाही. पण कामगाराच्या बाजूनं बघा. चर्च लाइव्ह, आणि तो शिफ्टवर. बऱ्याच वाहन कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे ज्या माणसासाठी स्ट्रीमिंग सोयीचं व्हायचं, त्याचा फोन नऊ वाजता लॉकरमध्ये वाजत होता.

तो काय करायचा? घरी येऊन संध्याकाळी तीच भक्ती पुन्हा लावायचा. रेकॉर्डिंग. आणि इथेच सगळं उलटं झालं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा पहिल्या पाळीच्या माणसाला रविवारचा उपदेश पूर्ण ऐकायला मिळाला. बायका सांगतात, ‘ह्यांनी’ आयुष्यात कधी सलग चार रविवार ऐकलं नव्हतं. ही मोठी कमाई होती, आणि ती लाइव्हनं दिली नाही, लाइव्हच्या उरलेल्या प्रतीनं दिली. पण त्याच माणसाला विचारलं, तर तो म्हणतो की ते चर्चला गेल्यासारखं वाटलं नाही. उपदेश मिळाला, मंडळी मिळाली नाही. रात्री आठला तो ‘आमेन’ लिहितो, तेव्हा त्याच्याखाली दुसरं कोणी लिहीत नाही. बाकीच्यांचं आमेन सकाळी होऊन गेलेलं असतं.

ज्यांच्याकडे एकच फोन होता त्यांची गोष्ट वेगळीच. रविवारी भक्ती आणि सोमवारी पोराची ऑनलाइन शाळा, दोन्हीला दिवसाचा तोच दीड जीबी. मे महिन्यात जे परप्रांतीय कामगार गावी निघून गेले, त्यांच्या हिंदी भक्तीचं काय झालं याची तर नोंदच सापडत नाही. आणि ज्या वयस्कर बायका चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या, पाठांतर असलेल्या, प्रार्थना उचलणाऱ्या, त्या झूमवर कायम म्यूट राहिल्या. कारण बटण कुठलं ते नातवालाच माहीत.

दारं उघडली, तरी कॅमेरे गेले नाहीत. आजही पट्ट्यातल्या मोठ्या चर्चमध्ये गायकवृंदाच्या बाजूला तिपाई उभी असते. आजारी माणसांसाठी, परदेशातल्या मुलांसाठी ती हवीच. पण लहान मंडळ्यांत मात्र लाइव्ह हळूहळू बंद झालं, आणि गुरुवारची प्रार्थना परत दोन खोल्यांत आली. आम्ही एका ठिकाणी गेलो होतो तिथे तिसऱ्या पाळीला जाणारा मुलगा बसच्या थांब्यावरून व्हिडिओ कॉलवर होता. फोन पेटीला टेकवून उभा केलेला. त्याला गाता येत नव्हतं, रस्त्यावर आवाज फार. पण शेवटी प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं तेव्हा त्यानं हात वर केला. बस आली, कॉल कटला. आमच्या मते या पट्ट्यात लाइव्हचा खरा उपयोग हा आहे, हजार लोकांना दाखवण्याचा नाही.

आता शेवटचा मुद्दा, जो अभ्यासक म्हणून आमच्या जिवाला लागला आहे. मघाशी म्हटलं, लहान मंडळ्या फेसबुकवर गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की यापुढे लाइव्ह व्हिडिओ फक्त तीस दिवस राहतील आणि जुने टप्प्याटप्प्यानं काढून टाकले जातील. उतरवून घ्यायला सूचनेनंतर नव्वद दिवस. ही सूचना कोणाला आली? ज्यानं २०२० मध्ये पेज काढलं त्याला. तो बहुधा तरुण संघातला मुलगा, आता बंगळूरूला नाहीतर कतारला. त्यानं ती वाचली का, वाचून उतरवून घेतलं का, की स्वाइप करून टाकली?

चर्चमध्ये दफनाचं रजिस्टर असतं, लग्नाचं असतं, बाप्तिस्म्याचं असतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचीही पुष्कळशी टिकून आहेत, शाईत, जाड पुठ्ठ्यात. १८४२ चा ‘ज्ञानोदय’ग्रंथालयात मिळतो. पण १२ एप्रिल २०२० च्या सकाळी चाकणच्या एका गच्चीवरच्या मंडळीनं पुनरुत्थानाची भक्ती कशी केली, पेटीवर कोण होतं, त्या व्हिडिओखाली कोणी कोणी नाव लिहून हजेरी लावली, हे कुठल्याही रजिस्टरात नाही. ते फक्त त्या पेजवर होतं. त्या नावांतली काही माणसं पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत गेली.

तेव्हा विनंती अशी. आज घरी गेल्यावर तुमच्या मंडळीच्या, धर्मग्रामाच्या पेजवर एप्रिल २०२० पर्यंत मागे जाऊन बघा. व्हिडिओ असेल तर उतरवून दोन ठिकाणी ठेवा, आणि खालच्या प्रतिक्रिया वेगळ्या लिहून काढा, कारण व्हिडिओ उतरवला तरी त्या बरोबर येत नाहीत. नसेल तर ज्यानं फोन धरला होता त्याला फोन करा, कदाचित जुन्या हँडसेटमध्ये एखादी प्रत असेल. आणि गुरुवारी करा, त्या दिवशी तो घरी असण्याची शक्यता जास्त.